घोडं पेंड कुठे खातं

जवसाची पेंड रात्रीच भिजत घालावी लागते,
मग पहाटे मंद आचेवर, तळाला न लागू देता.
एवढं एक काम मला चोख येतं
आणि सदतीस वर्षं मी ते
यॉर्कशरच्या ह्या तबेल्यात करते आहे,
म्हणून मला कोणी काही विचारत नाही.
वार्ताहर जातात ट्रेनरकडे, वकिलाकडे,
बँकेच्या निवृत्त मॅनेजरकडे:
एवढा मोठा माणूस, सिरिल हॉलिनरेक,
त्याचं नेमकं बिघडलं कुठे?

झाकणं. त्याने झाकणं केली.
रंगाच्या डब्यांची, पत्र्याची,
बस डेपोमागच्या शेडमध्ये,
दिवाळं वाजलेल्या बिस्किट कारखान्याची प्रेस आणून.
पहिल्याच हिवाळ्यात त्या प्रेसने
डाव्या करंगळीचं पेर घेतलं.
"भाडं वसूल केलं तिने," तो म्हणायचा,
आणि पुढे तीस वर्षं ह्या भागात
भिंत निळी होवो की पिवळी,
आधी कोणीतरी स्क्रूड्रायव्हरने
हॉलिनरेकचं झाकण उचकटायचं.

मग क्लब घेतला. ऑर्मस्केल टाउन,
एका पौंडाला, कर्जासकट.
आधी संडास दुरुस्त केले, मग स्ट्रायकर आणला.
लोक हसले.
दोन वर्षं ओळीने संघ वर चढला
तेव्हा त्याच संडासांच्या रांगेत उभं राहून
त्याच्या नावाने घोषणा दिल्या.

घोडे त्यानंतर. अकरा.
जॉकीच्या अंगात राखाडी रेशीम,
पाठीवर एक पिवळं वर्तुळ,
म्हणजे झाकणच.
टिन बिशप यॉर्कला जिंकला,
त्याचा फोटो पबात अजून टांगलेला आहे.

पण माझी होती लूज चेंज.
करडी घोडी, उजवा डोळा अधू,
बावीस शर्यती, विजय एकही नाही.
एकदा रिपनला नाकभर अंतराने दुसरी,
तेही पुढचे दोघे एकमेकांत अडखळले म्हणून.
ट्रेनर दर ऑक्टोबरात म्हणायचा, विका.
हॉलिनरेक खिशातली चिल्लर वाजवायचा
आणि भलतंच काही विचारायचा:
पन्हाळ अजून गळतंय का,
माझ्या आईचा गुडघा कसा आहे.

मग डबे प्लॅस्टिकचे झाले.
एवढंच झालं, खरं तर.
गोलकीपर विकला, मग पार्किंगची जागा,
मग मैदान गहाण.
एप्रिलच्या एका शनिवारी संघ खाली घसरला
आणि लोक घराघरातून झाकणं घेऊन आले.
गाडीच्या टपावर गारा पडाव्या तशी.
माझी बस चुकली म्हणून मी मागच्या सीटवर होते,
काचेआडून ओरडले,
"ह्याने तुमचं काय घोडं मारलं?"
त्याने सरळ काच खाली केली.
मांडीत येऊन पडलेलं एक झाकण उचललं,
अर्ध्या करंगळीने कड तपासली.
"आपलंच आहे," म्हणाला,
"एकोणीस वर्षांपूर्वीचं. दुमड बघ,
कुठे सुटलीय?"
आणि चेहऱ्यावर, खोटं कशाला बोलू,
आनंद होता.

लिलावात दहा घोडे गेले.
अकरावी रिंगणात फिरली, एकदा, दोनदा.
लोक कॅटलॉगचं पान उलटत राहिले.
हात कोणाचा वर गेला,
हे मला माझाच हात बघून कळलं.
दोन महिन्यांचा पगार.

आता कागदावर मालकीण मी.
तो पहिल्या बसने येतो,
गेटपाशी थांबून विचारतो, "येऊ का?"
रोज विचारतो.
घोडी अधू डोळ्याच्या बाजूने
मला अजूनही जवळ येऊ देत नाही.
त्याला देते.

तर बिघडलं कुठे, मला ठाऊक नाही.
घोडं पेंड कुठे खातं, ते मात्र नक्की सांगते:
मागची रांग, उजवीकडून चौथं दार,
सकाळी सव्वासहा.
बादलीतून वाफ निघत असते,
कडेखाली एक जुना हात,
मान खाली, दोघांचीही.
झाकण मी पुसून
बाजूला ठेवलेलं असतं.